एकेचाळिसावं नाव

निपाणी, २ जुलै १९६७

प्रिय आप्पाजी,

तुझं शेवटचं पत्र फेब्रुवारीत आलं. त्यात ‘मास्तर, सविस्तर नंतर लिहितो’ असं होतं. ते ‘नंतर’ अजून आलेलं नाही. तरी आज मीच लिहायला बसलो, कारण बातमीच तशी आहे; आणि ती तुझ्या गावची असून तू मला कळवली नाहीस, याचा राग आहे.

आमच्या उमाकांतच्या तिथल्या घरमालकीण तानूबाई, त्यांचं परवा कार्ड आलं. मजकूर उतरवून देतो, शुद्धलेखन तेवढं सुधारलं आहे: ‘मास्तरांना तानूबाईचा नमस्कार. उमाकांतच्या कारखान्यात ले-औट झालं. बेचाळीस जणांची यादी लागली, त्यात त्याचं नाव आहे. त्याचा मित्र आला होता, दोघं बोलत होते ते मी पोळ्या लाटताना ऐकलं. पोरगं स्वल्पसुद्धा गर्व करत नाही, उलट गप्प असतं. त्या दिवशी धड जेवलं पण नाही. तुम्ही देवापुढे साखर ठेवा.’

ले-औट म्हणजे घरांसाठी आखून दिलेली जागा, एवढं मला ठाऊक आहे. तुमच्या बंगळुरात जिकडे बघावं तिकडे ले-औट पडताहेत, असं तूच मागे सांगत होतास. दोन वर्षांच्या नोकरीत पोराला कारखान्याकडून जागा. मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि अजून तंबाखूच्या वखारीवरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. अंगावरच्या कपड्यांनासुद्धा तोच वास.

प्रमोदिनीने साखर ठेवली आणि आळीभर वाटली. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं यायचं ठरवलंय. जागेवर पूजा करू, नारळ फोडू. तिने त्यासाठी तांब्याचा नवा गडूही घेतला. उमाकांतला मी काही विचारलेलं नाही. त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं असेल तर तो आनंद मी कशाला घेऊ? तू मात्र जागा कुठल्या अंगाला आहे ते बघून ये. विहिरीला पाणी लागेल का, तेही विचार.

तुझा
पद्माकर


कब्बनपेट, बंगळूर, ६ जुलै १९६७

आप्पाजीकाकांना नमस्कार.

आज सकाळी तुम्ही मला तुमच्या वर्कशॉपच्या दारात अडवलंत आणि म्हणालात, ‘चेन कव्हरला घासतेय, आण सायकल इकडे.’ तेल घालता घालता म्हणालात, ‘ही चेन मी आठ दिवस पावणेआठला जाताना ऐकतोय आणि नऊच्या आत परत येताना ऐकतोय.’ एवढं बोलून पुढे काही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी खोटं बोललो असतो. विचारलं नाहीत म्हणून लिहावं लागतंय. चिठ्ठी दाराखालून सरकवतो.

कारखान्यात ले-ऑफ आहे. लेथला गिऱ्हाईक नाही. गेल्या वर्षी तयार झालेले चौतीस लेथ शेडमध्ये ताडपत्रीखाली उभे आहेत. बेचाळीस जणांना घरी बसवायची यादी लागली. नोकरी जितकी कमी तितकं नाव खाली. माझं एकेचाळिसावं.

घरी बसवलेल्या माणसाने घरी बसायचं नसतं. रोज सकाळी गेटवर जायचं, वहीत सही करायची, ‘काम नाही’ हे ऐकून घ्यायचं आणि परत फिरायचं. सही चुकली तर त्या दिवसाचा अर्धा पगारही गेला. म्हणून मी रोज युनिफॉर्म घालून निघतो. तानूअक्का डबा देतात. तो घेऊन कब्बन पार्कात बसतो आणि पाच वाजले की घरी येतो. पार्कातल्या माळ्याला वाटतं मी झाडं मोजायला नेमलेला सरकारी माणूस आहे.

बाबांना कळवू नका. त्यांच्या शाळेत आजवर कुणाचा मुलगा बंगळुरात पर्मनंट नव्हता. ते हा शब्द किती सावकाश उच्चारतात, तुम्ही ऐकलंय.

आपला
उमाकांत


बंगळूर, ८ जुलै १९६७

पद्मा मास्तर,

तुझं पत्र मी घरी कृष्णाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘भावोजींना राग आलाय म्हणजे तब्येत बरी आहे.’

तू विचारलंस ते सगळं बघतो. पण घाई करू नकोस. या गावात यादी लागली म्हणजे झालं असं नसतं. यादी लागते, बदलते, वरची नावं खाली येतात, खालची वर जातात. मला इथे एकोणतीस वर्षं झाली. आलो तेव्हा सुलतानपेटेत सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचो, आणि कानडीत मला दोनच शब्द यायचे: ‘बा’ आणि ‘होगु’. ये आणि जा. मालक दिवसभर तेवढंच म्हणायचा. बाकीचं कळत नव्हतं, म्हणून ऐकायला शिकलो. अजूनही नवा शब्द कानावर आला की मी तो दुकानदार रुपया वाजवून बघतो तसा वाजवून बघतो, एकदम खिशात टाकत नाही. तूही तसंच कर.

उमाकांत सुखरूप आहे. रोज वेळेवर जातो. फावल्या वेळात आता माझ्या वर्कशॉपवर येतो. हात चांगला आहे पोराचा.

नारळ मात्र आत्ता घेऊ नका, दसऱ्यापर्यंत त्याची वाटी होईल. आणि साखर आणखी वाटू नका, रेशनची आहे.

तुझा
आप्पाजी


निपाणी, २७ जुलै १९६७

आप्पाजी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा चष्मा लावून, तिसऱ्यांदा लाल पेन्सिल घेऊन. अख्ख्या पत्रात ‘जागा’ हा शब्द नाही. ‘ले-औट’ नाही. पाण्याचं उत्तर नाही. जो मुलगा निबंधात विषयच टाळतो त्याला विषय चांगला ठाऊक असतो. चौथीत तू माझ्या शेजारी बसायचास, तुझी ही खोड तेव्हाची आहे.

शिवाय ‘रोज वेळेवर जातो’ आणि लगेच पुढे ‘फावल्या वेळात वर्कशॉपवर येतो’. कारखान्यात आठ तास उभं राहणाऱ्याला फावला वेळ कुठला?

गेल्या रविवारी वाचनालयात मुंबईचा इंग्रजी पेपर उघडला. मंदीवर अर्धं पान होतं. यंत्रांना मागणी नाही, कारखाने माणसांना तात्पुरतं बसवताहेत, आणि त्यासाठीचा तो शब्द तिथे छापलेला. ‘ऑफ’ आणि ‘आउट’ यांतला फरक मी सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहून दाखवतोय. माझ्याच घरात तो शब्द आला तेव्हा मी साखर वाटली. तानूबाईंचा दोष नाही. त्यांच्या गल्लीत रोज ले-औटचीच भाषा चालते, त्यांनी तेच ऐकलं. मी मात्र मला हवं ते वाचलं.

प्रमोदिनीला सांगितलेलं नाही. ती दर शुक्रवारी तो गडू चिंचेने घासते. उमाकांतचं परवा पत्र आलं: ‘काम जोरात चाललं आहे.’ मी उलटटपाली लिहिलं: ‘वाचून समाधान वाटलं.’ बापलेक अगदी शुद्ध भाषेत एकमेकांशी खोटं बोलतोय.

दसऱ्याला यायचं रद्द केलं तर तिला कळेल. आलो तर दाखवायला जागा नाही, आणि तोवर नोकरी तरी असेल का, कोण जाणे. मला खरं काय ते लिही. मी जाणतो हे उमाकांतला कळू देऊ नकोस. त्याला वाटतंय तो मला सांभाळतोय, तर सांभाळू दे.

तो दुपारचा डबा कुठे बसून खातो, एवढं आधी कळव.

पद्माकर


बंगळूर, २४ ऑगस्ट १९६७

पद्मा मास्तर,

पकडलंस. लाल पेन्सिलीपुढे इलाज नाही.

डबा आधी कब्बन पार्कात खायचा. आता माझ्याबरोबर वर्कशॉपवर खातो आणि वर कृष्णाबाईची आमटी. या बाबतीत निर्धास्त राहा. उशीर झाला खरा, पण सांगण्यासारखं काही हातात येईपर्यंत लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

तुला ठाऊक आहे, माझं पोट कब्बनपेटच्या रेशमावर चालतं. इथे घरोघर माग आहेत, आणि मागाला सूत पुरवायचं तर रेशमाला आधी पीळ द्यावा लागतो. त्या पिळाच्या मशिनवर ओळीने चात्या फिरतात, बोटभर जाड आणि वीतभर लांब. त्या यायच्या जपानहून. गेल्या वर्षी रुपयाची किंमत उतरवली तेव्हापासून चात्या महागल्या, मग परवाने अडले, आणि आता यायच्याच थांबल्या. मागवाले माझ्याकडे येतात आणि म्हणतात, ‘आप्पाजी अण्णा, जुनीच घासून द्या.’ जुनी किती घासणार?

नवी बनवायची तर लेथवर वळवता येते, ते मला जमतं. पण वरून जी शेवटची घासणी लागते, केसाच्या दहाव्या भागाइतकी, ती माझ्या हातची नाही. तुझ्या पोराचं कामच ते. कारखान्यात त्याने दोन वर्षं दुसरं केलं नाही.

माझ्याकडे भंगारातून आणलेलं एक ग्राइंडिंग मशिन आहे. त्यावर त्याने पहिली चाती घासली. गल्लीत यल्लाप्पा म्हणून मागवाला आहे, त्याच्या मशिनवर लावली. माझी तपासायची रीत सोपी आहे: स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशिनला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला. चांगली चाती गुणगुणते. ही किरकिरत होती. दुसरी केली, तीही किरकिरली. तिसरीला यल्लाप्पा म्हणाला, ‘अण्णा, ही तर आमच्या सासूबाईंसारखी बोलते.’

मी म्हटलं, भंगारातलं मशिन, त्याच्याकडून आणखी काय होणार. उमाकांत चाती हातात फिरवत बसला. दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, ‘काका, मशिनचा दोष नाही. चाती ज्या दोन टोकांवर धरून फिरवतो त्या टोकांची भोकंच वाकडीतिकडी आहेत. वाटोळं काही त्यावर फिरेल कसं?’ मग बारीक पूड आणि तेल घेऊन तो दिवसभर ती भोकं घासत बसला. नुसती भोकं. मला कंटाळा आला, त्याला आला नाही.

चौथी चाती लावली. मी मूठ कानाला लावली आणि मास्तर, तंबोरा जुळल्यावर जसं वाटतं तसं वाटलं.

यल्लाप्पाचा विश्वास बसेना. म्हणाला, आठ दिवस चालू दे. आठ दिवस चालली. नवव्या दिवशी मी त्याला म्हटलं, ‘चाळीस चात्या फिरताहेत. एक आपली, एकोणचाळीस जपानच्या. आपली कुठली ते दाखव.’ तो दोन वेळा ओळीवरून गेला, कान लावला, बोट लावलं, शेवटी एकीवर हात ठेवला. ‘हीच. हिचा आवाज स्वल्प हलका आहे, गावठी.’ ती अस्सल जपानी निघाली. गल्लीतले सगळे मागवाले जमले होते. यल्लाप्पाला आता नाव पडलंय जपानी यल्लाप्पा.

उमाकांत त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसला. मी ऐकलं म्हणून तुला कळवतो.

तुझा
आप्पाजी


कब्बनपेट, १२ सप्टेंबर १९६७

आप्पाजीकाका,

तोंडाने सांगवलं नाही की मी चिठ्ठी लिहितो, हे तुम्हाला आता ठाऊक झालंय.

आज गेटवर नोटीस लागली. तीस सप्टेंबरपर्यंत नव्या ऑर्डरी आल्या नाहीत तर यादीतल्या लोकांना कायमचं कमी करणार. सही करायला आलेले सगळे तिथेच उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, आता सही करून तरी काय करायचं. तरी सगळ्यांनी केली. सवय.

तुम्ही मागे म्हणालात, ‘गेली तर गेली नोकरी, माझ्याकडे राहा.’ तुमचं वर्कशॉप मला घरासारखं आहे. पण तुमच्याकडे ग्राइंडिंग मशिन एक, तेही म्हातारं. तिथे अकरा आहेत, नवी, कापड घालून झाकलेली. मी एकटा तुमच्याकडे आलो तर माझं भागेल. माझ्या वर चाळीस नावं आहेत आणि खाली एक. खालचा देवनहळ्ळीहून सायकल मारत येतो. त्याला मी काय सांगू?

यल्लाप्पा म्हणतो सगळ्या मागवाल्यांना मिळून महिन्याला तीनशे चात्या लागतील. आपण दोघांनी रात्रंदिवस केल्या तरी चाळीस होतील. हे दोन आकडे कालपासून माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेत.

बाबांना खरं लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले.

उमाकांत


बंगळूर, २५ सप्टेंबर १९६७

पद्मा मास्तर,

हे पत्र शांतपणे वाच. शेवट अजून माझ्याही हातात नाही.

तीस तारखेला कायमची यादी निघणार, असं ऐकल्यावर मी आठवडाभर वर्कशॉप बंद ठेवलं आणि गल्ल्या फिरलो. मागवाले एकमेकांशी बोलत नाहीत, एकाचा नमुना दुसऱ्याने चोरलेला असतो. मी एकेकाकडे वेगवेगळा गेलो. चहा प्यायलो, काफी प्यायलो, एका ठिकाणी उन्हाळ्यातलं कोकम निघालं तेही प्यायलो. छत्तीस जणांनी एका कागदावर सह्या केल्या: चात्या मिळाल्या तर वर्षभर घेऊ.

तो कागद आणि एक चाती बाजारच्या पिशवीत घालून मी उमाकांतच्या कारखान्याच्या मॅनेजरकडे गेलो. नाव कृष्णमूर्ती. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, माणूस भला. पण तीन महिने झोप नसलेल्या माणसासारखे डोळे. यादी ज्याचं नाव खाली त्यालाच जाचते असं नाही, हे मला तिथे कळलं.

तो म्हणाला, ‘आम्ही लेथ बनवतो, आप्पाजी. एकेक लेथ दीड टनाचा. तुम्ही मला पेन्सिली बनवायला सांगताय.’

मी म्हटलं, ‘पेन्सिली रोज झिजतात, साहेब. लेथ घेऊन गेलेला माणूस पुन्हा वीस वर्षांनी येतो.’

‘शिवाय आम्हाला कामाची तशी कमी नाही. ऐका, शॉप चालू आहे.’

खरंच भिंतीपलीकडून घरघर येत होती. आता मास्तर, मला ‘ऐका’ असं कुणी सांगू नये. मी ऐकलं.

‘साहेब, तीन लेथ चालू आहेत. दोघांखाली लोखंड आहे. तिसरा हवा कापतोय.’

‘म्हणजे काय?’

‘लोखंड कापताना लेथ कण्हतो. आवाज जड होतो, हलका होतो. हा मघापासून एका सुरात गातोय. परका माणूस आला की चालू करायचा, असं कुणी सांगून ठेवलंय का?’

तो उठला, दार उघडून आत गेला. परत आला तेव्हा तिसरा आवाज बंद झाला होता. खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘काफी घ्याल?’ मी दिवसभरात नववी काफी घेतली.

मग त्याने चाती उचलली. मायक्रोमीटर लावला. एका टोकाला, मध्ये, दुसऱ्या टोकाला. पुन्हा पहिल्या टोकाला. ‘जपानचा नवा माल आला का?’

‘कब्बनपेटचा आहे.’

‘कुणी घासली?’

‘तुमच्याच यादीतल्या एकेचाळिसाव्याने. रोज सकाळी त्याला गेटवर बोलावता आणि काम नाही म्हणून परत पाठवता.’

त्याने ड्रॉवरमधून यादी काढली. वरून बोट फिरवत खाली आला आणि थांबला. मग म्हणाला, ‘या मुलाला मी उद्याच आत घेतो.’

मास्तर, त्या क्षणी मी ‘उपकार झाले’ म्हणून उठू शकलो असतो. तुझ्या पोराचं काम तिथेच झालं असतं. पण आदल्या दिवशी उमाकांतने मला बजावून ठेवलं होतं: ‘काका, एकट्याला बोलावलं तर मी जाणार नाही.’ पोराला कुठून ही अवदसा आठवली, ते तू आरशात बघ.

मी सह्यांचा कागद पुढे सरकवला. ‘छत्तीस मागवाले आहेत. अट एकच. चात्या यादीतल्या लोकांनी घासायच्या, आणि यादी वरपासून खालपर्यंत, बेचाळिसाव्यासकट. नाहीतर मी हा कागद घेऊन कोइमतूरला जातो.’ कोइमतूरला मी कुणालाही ओळखत नाही. पण आवाज मी जड ठेवला, लोखंड कापत असल्यासारखा.

त्याने कागदावरच्या सह्या मोजल्या. मग म्हणाला, ‘सरी.’

कानडीत या ‘सरी’चे चार अर्थ आहेत: ठीक आहे, बघू, पुरे झालं, आणि आता उठा. कुठला ते आवाजावरून ओळखायचं असतं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मला ओळखता आलं नाही. वरच्या साहेबांना विचारून शनिवारी कळवतो म्हणाला. शनिवारी तीस तारीख आहे.

तुम्ही तिकिटं काढा. काय व्हायचं ते होवो, दसऱ्याला पोराच्या शेजारी बसायला माणसं हवीत.

तुझा
आप्पाजी


निपाणी, ४ ऑक्टोबर १९६७

प्रिय आप्पाजी,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. रविवार-सोमवार माझे कसे गेले, ते लिहीत नाही. काल सकाळी पोस्टमन दोन पत्रं घेऊन आला. मी शाळेत होतो. प्रमोदिनीने वरचं कार्ड वाचलं आणि गडू मांडीवर घेऊन रडत बसली. मी दुपारी घरी आलो तेव्हा चूल थंड.

कार्ड तानूबाईंचं. या वेळी शुद्धलेखनही सुधारवत नाही, तरी सुधारून देतो: ‘मास्तरांना तानूबाईचा नमस्कार. लिहायला हात उचलत नाही. शनिवारी कारखान्यातलं ले-औट उठवलं. बेचाळीसच्या बेचाळीस जणांचं रद्द. गेटवर तसा कागद लागला म्हणे. उमाकांत मित्रांना घेऊन घरी आला, आणि सगळे हसत होते, एकमेकांना उचलत होते. दुःखाने पोरांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. मी सगळ्यांची दृष्ट काढली. तुम्ही स्वल्प धीर धरा. जागा काय, आज नाही उद्या होईल.’

मी ते वाचलं आणि मला हसू आलं ते थांबेना. प्रमोदिनीला वाटलं माझ्याही डोक्यावर परिणाम झाला. मग तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं: ऑफ आणि आउट, गेटवरची सही, चात्या, तुझी कोइमतूरची थाप. तिने ऐकून घेतलं.

‘म्हणजे जागा नव्हतीच?’

‘नव्हती.’

‘आणि नोकरी गेली होती?’

‘जायला निघाली होती. परत आली.’

‘आणि तुम्ही मला तीन महिने हा गडू घासू दिलात.’

ती उठली, तोच गडू घेऊन गेली आणि त्यात दूध घेऊन आली. म्हणाली, ‘खवा आणा. पेढे घरीच करते.’

सांत्वनाचं कार्ड वाचून पेढे वाटणारा निपाणीत मी पहिलाच. हेडमास्तरांनी विचारलं, ‘कशाबद्दल?’ मी म्हटलं, ‘आमच्या मुलाचं ले-औट रद्द झालं.’ त्यांनी हातातला पेढा हळूच परत पुड्यात ठेवला.

दुसरं पत्र उमाकांतचं होतं. चार पानं. ‘बाबा, तीन महिने एक गोष्ट तुमच्यापासून लपवली’ इथून सुरुवात. सगळं लिहिलंय, पार्कातल्या माळ्यासकट. एकट्याला बोलावलं तर जाणार नाही असं तुला म्हणाल्याचं मात्र लिहिलं नाही. ते मला तुझ्याकडून ठाऊक आहे, हे त्याला कळू देऊ नकोस.

त्याला मी उत्तर पाठवलं आहे: ‘वाचून समाधान वाटलं.’

तुझा
पद्माकर

ता. क. त्या ‘सरी’चा अर्थ मग कुठला निघाला?


बंगळूर, ७ ऑक्टोबर १९६७

पद्मा मास्तर,

पहिलाच निघाला. पण मला तो शनिवारी दुपारी कळला, आणि तोही कानाने.

मी वर्कशॉपात होतो. तीन महिने रोज सकाळी ती चेन ऐकायची सवय. त्या दिवशी सहीला गेलेला नऊ वाजता परतला नाही. दहा झाले, अकरा झाले. कृष्णाबाई दोनदा दारात येऊन गेली. जेवणाच्या सुट्टीच्या वेळी चेन ऐकू आली, आणि ती एकटी नव्हती. मागे आणखी पंधरावीस सायकली, सगळ्या घंटी वाजवत. आमच्या गल्लीत दोनशे माग चालू असतात, तिथे घंटी ऐकू येत नाही. पण मागवाल्यांनी माग थांबवले होते. कब्बनपेट भरदुपारी गप्प झालेलं मी एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. उमाकांत उतरला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, ‘काका, वही बंद झाली. आज सही आत केली.’

तेच सगळे मग तानूअक्काच्या घरी गेले, आणि पुढचं तुला कार्डावर आलंच.

आता अकरापैकी आठ मशिनवरची कापडं निघालीत. अठरा जण मंगळवारी आत गेले, उरलेले चोवीस परवा जातील. टोकांची भोकं कशी घासायची ते उमाकांत सगळ्यांना शिकवतोय, त्यात त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसं आहेत. देवनहळ्ळीच्या त्या बेचाळिसाव्याला त्याने आपल्या शेजारचं मशिन दिलंय. मंदी संपलीय असं कुणी म्हणत नाही. ताडपत्रीखालचे चौतीस लेथ अजून तिथेच आहेत. पण मला काल कृष्णमूर्तीने मुद्दाम बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाला, ‘ऐका.’ मी डोळे मिटून ऐकलं. एकही मशिन हवा कापत नव्हतं.

आता कामाचं. इथे दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशिनांची पूजा असते. कारखाना धुऊन काढतात, मशिनांना झेंडू आणि केळीचे खांब. कृष्णमूर्तीने सांगितलंय, पूजेला मुलाच्या आईवडलांनी यायचं. वहिनींना गडू आणायला सांग, इतका घासलेला गडू वाया घालवायचा नाही. नारळही आणा. प्लॉट नाही, पण फोडायला जागा आहे: डावीकडून चौथं मशिन.

एकच सांभाळ. उतरायचं तानूअक्काकडे आहे. तिला आम्ही कुणी काही समजावलेलं नाही. उमाकांतने एकदा प्रयत्न केला तर तिने त्याच्या डोक्यावर तेल थापलं. तुमचं सांत्वन करायला ती ओबट्टू, म्हणजे इथली पुरणपोळी, करणार आहे, डाळ आजच निवडायला घेतलीय. तेव्हा दारात शिरताना दोघांनीही चेहरा जरा पाडून शिरा. ओबट्टू खाल्ल्यावर हसलात तरी चालेल.

तुझा
आप्पाजी